अप्पांची पट्टी

मी ज्या कारखान्यात नोकरीला आहे तिथे बिडाचे सुटे भाग ओततात. तयार झालेल्या भागातला दोष शोधायचा, एवढंच माझं काम. कुठे आत हवेचं भोक राहिलंय, कुठे वाळू चिकटलीय, कुठे माप अर्ध्या मिलिमीटरने हुकलंय. दोष सापडला की खडूने खूण करायची आणि भाग बाजूला ठेवायचा. तो का झाला, हे दुसरे लोक बघतात. या नोकरीमुळे असेल किंवा मुळातला स्वभाव असेल, गाणं ऐकतानाही मला आधी चूक ऐकू येते आणि मग गाणं. बायको म्हणते, "तुमच्यासंगट कार्यक्रमाला बसणं म्हंजे परीक्षेला बसल्यावानी हाय." तिचं खोटं नाही.

माझ्या या सवयीचा उपयोग आयुष्यात एकाच माणसाने करून घेतला, माझ्या थोरल्या भावाने. दादाची गायन पार्टी होती. पुढे मुख्य गायक, बाजूला पेटी आणि ढोलकी, मागे चार-पाच जणांचा कोरस. जयंतीच्या दिवसांत आज या गावच्या विहारासमोर, उद्या त्या गावच्या. बाकीचं वर्ष दादा एका पतसंस्थेत वसुलीचं काम करायचा, पण ओळख गायक म्हणूनच. कार्यक्रम कुठेही असो, मला सुट्टी असली की तो मला सोबत न्यायचा आणि मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभं करायचा. पुढे बसलेल्यांना चुका कळत नाहीत, त्यांना गाणारा दिसत असतो. मागे फक्त आवाज येतो, असं त्याचं म्हणणं.

कार्यक्रम संपून चहा आला की मला बोलावणं यायचं. कोरसमधला एक जण दर वेळी तेच म्हणायचा, "आलं बघा इन्स्पेक्टर. खडू आणलाय न्हवं?" सगळे हसायचे. दादा हसायचा नाही. कपाळावरचा घाम पुसत म्हणायचा, "सांग बारक्या."

मी सांगायचो. दुसऱ्या गाण्यात कोरस अर्धी मात्रा आधी आला. माइक तोंडाला चिकटवून धरल्यामुळे शब्द फुटले. आणि शेवटच्या गाण्यात तुझा वरचा सा खाली राहिला.

"किती?"

पुढे मोबाइलवर सूर मोजायची सोय झाली तेव्हा मी आकड्यात सांगू लागलो. पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर दादाचा वरचा सा त्यातले पंचवीस-तीस भाग खाली राहायचा. ऐकणाऱ्या गावाला याने काही फरक पडत नाही. शिरोळला एकदा अख्खा मांडव उठून नाचत होता त्या गाण्यावर. पण दादा आकडा ऐकायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "अप्पांचा पडत न्हवता."

अप्पा म्हणजे आमचे वडील. मुरगूडला आमच्या वस्तीत पहिली गायन पार्टी त्यांनी उभी केली. ते गेले तेव्हा दादा बारा वर्षांचा होता आणि मी चार. मला त्यांचा चेहरा फोटोतूनच माहीत आहे. त्यांचा आवाज मात्र आम्हा दोघांनाही तोंडपाठ होता, कारण त्यांची एक कॅसेट घरात होती. त्यांच्या शेवटच्या जयंतीला मामाने आपला नवा टेपरेकॉर्डर कर्ण्याखाली धरून ती भरली होती. तीन गाणी, मध्ये लोकांच्या आरोळ्या, एक रडणारं मूल. अप्पांच्या पाठीमागे पार्टी मोडली. पेटीवाले लवकर वारले, कोरसवाले कामाला म्हणून मुंबईकडे पांगले. आठ-नऊ वर्षांनी दादाने पार्टी पुन्हा उभी केली तेव्हा त्याला शिकवायला ती कॅसेट सोडून कोणी नव्हतं.

दादाने कॅसेटवरून पट्टी शोधली. पहिलं गाणं पेटीच्या पांढरी तीनात लागत होतं आणि तिसरं पांढरी चारात. म्हणजे तीन गाण्यांत आवाज एक अख्खी पट्टी वर गेलेला. गंमत अशी की तो नेमका कुठे वर जातो हे कुणालाच पकडता येत नव्हतं. दुसरं गाणं धड तीनातही लागत नव्हतं आणि चारातही. कॅसेटवर पेटी अगदी मागे, ढोलकीखाली दबलेली, त्यामुळे तिचाही आधार नव्हता. दादाने आणि नव्या पेटीवाल्याने रात्रंदिवस डोकं लावलं आणि शेवटी ठरवलं की अप्पा ऐकणाऱ्याला कळू न देता पट्टी चढवत न्यायचे. मग दादाची पार्टीही तसंच करू लागली. पहिलं गाणं तीनात, मग दुसऱ्याच्या शेवटी ढोलकीचा एक मोठा तुकडा आणि त्याच्या आडोशाने पेटीवाला चारात. हे आमच्या पार्टीचं वैशिष्ट्य झालं. दुसऱ्या पार्टीतले लोकही म्हणायचे, यांची गाणी चढत जातात, बाकीच्यांची बसत जातात. पांढरी चारला सगळे अप्पांची पट्टी म्हणत. पेटीवर त्या पट्टीला लाल नेलपेंटचा ठिपका होता. कार्यक्रमाआधी दादा ठिपक्याला बोट लावून नमस्कार करायचा.

दादाचा आवाज मुळात एवढा वरचा नव्हता. घरात काम करताना, आंघोळ करताना तो गुणगुणायचा ते काळी दोनात, म्हणजे पांढरी चारच्या दोन पट्ट्या खाली, किंवा त्याच्याही खाली, आणि ते ऐकायला फार चांगलं वाटायचं. स्टेजवर पांढरी चारात वरचा सा गाठायचा म्हणजे त्याला मान पुढे काढावी लागायची, गळ्याच्या शिरा टरारून फुगायच्या. मी त्याला अनेकदा म्हटलं की दोन पट्ट्या खाली घे, कोण बघायला आलंय?

"मी हाय न्हवं बघायला," तो म्हणायचा. "अप्पांचं गाणं खाली आणून गायचं असंल तर पार्टी कशाला काढायची? भजनात जाऊन बसतो की."

एकच माणूस त्या कॅसेटबद्दल वेगळं बोलायचं, ती आमची आई. कॅसेट लावली की ती थोडा वेळ ऐकायची आणि कामाला उठायची. उठताना एकदोनदा म्हणालेली, "एवढं बारीक न्हवतं त्येंचं गाणं." आम्हाला वाटायचं, इतक्या वर्षांनी आवाज कुठला लक्षात राहतो. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

दादाने स्वतःचं एकही गाणं कधी नीट रेकॉर्ड केलं नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये तुकडे आहेत, पण ते कर्ण्यासमोर उभं राहून घेतलेले, सगळा आवाज फाटलेला. त्यातून माणूस ओळखू येतो, गळा ओळखू येत नाही. पार्टीतल्या पोरांनी किती वेळा म्हटलं, दादा, आता स्टुडिओ स्वस्त झालेत, एकदा करून टाकू. त्याचं उत्तर ठरलेलं. "अप्पांच्या टेपजवळ माझी ठेवायची, तर आधी त्येवढी जमू दे. वरचा सा एकदा न पडता लागू दे, मग करू." आणि माझ्याकडे बघायचा. म्हणजे मी पास केलं की मग.

मी पास केलं नाही. दर वर्षी तीस भाग, पंचवीस भाग, एकदा अठरा. मग पुन्हा तीस, मग चाळीस. आकडे वाढू लागले तशी आवाजात खरखर आली. आधी कार्यक्रमानंतर दोन दिवस बसायचा, मग आठवडाभर. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरतंतूंवर गाठी आल्यात, तुम्ही तुमच्या आवाजाच्या वर गाताय. ऑपरेशन झालं. सहा महिने गप्प बसायला सांगितलं होतं, हा तीन महिन्यांत स्टेजवर. दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. बोलण्यापुरता आवाज राहील असं बघू म्हणाले. गाण्याचं नाव काढलं नाही.

पार्टी दादाच्या मुलाकडे गेली. तो सव्वीस वर्षांचा आहे, आवाज बापावर गेलाय. बापासारखाच भरीव, आणि बापासारखाच खालचा.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादा आमच्या कळंब्याच्या घरी आला. बसला, चहा घेतला. त्याचा आवाज तोवर एखाद्याने कागद चुरगाळावा तसा झाला होता. म्हणाला, "बारक्या, एक गाणं करून ठिवायचं. अजून थोडा हाय आवाज, पुढच्या साली तेवढाबी ऱ्हायचा न्हाय. आधी अप्पांची टेप साफ करून घालू, मग माझं एक. दोन्ही एकापाठोपाठ. तू बरोबर ये, तुला कळतंय."

"कुठल्या पट्टीत करायचं?"

"कुठल्या म्हंजे? अप्पांच्या."

त्याला चार मिनिटं सलग बोलता येत नव्हतं. पण हे एक गाणं राहावं असं त्याच्या मनात होतं आणि माझ्याही.

राजारामपुरीत एका इमारतीच्या तळघरात एक स्टुडिओ आहे. तो चालवणारी बाई पस्तिशीतली असेल, इंजिनिअरिंग करून या कामात आलेली, स्पष्ट बोलणारी. आधी मी एकटाच कॅसेट आणि घरचा जुना डेक घेऊन गेलो. तिने कॅसेट संगणकावर घेतली. अप्पांच्या आवाजाखाली घूं असा एक सततचा आवाज आहे, तो आम्ही इतकी वर्षं ऐकत आलोय. ती म्हणाली, हा कर्ण्याच्या मशिनचा आवाज आहे, विजेचा. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, त्यामुळे ही घूंदेखील नेमकी पन्नासवर असते. तेवढा पन्नासचा आवाज कापला की गेली.

तिने पन्नासचा आवाज कापला. घूं गेली नाही.

तिने पुन्हा बघितलं. "काका, ही कॅसेट विचित्र आहे. घूं त्रेपन्नवर आहे." मग ती शेवटाकडे गेली. "आणि इथं छप्पन्नवर आहे."

कारखान्यात माप चुकलेलं दिसलं की मी आधी मापायचं हत्यार तपासतो. तसंच इथे केलं. डेक जोरात फिरत असेल, म्हणून विकत मिळणारी एक जुनी कॅसेट त्यावर लावली आणि वेळ मोजला. वेष्टनावर छापलेल्या वेळेशी तो जुळला. बाईंकडचा दुसरा डेक लावून बघितला, तरी त्रेपन्न आणि छप्पन्न. त्या काळात वीज थोडी इकडे-तिकडे व्हायची हे मला माहीत आहे, पण पन्नासची छप्पन्न कधीच होत नाही. म्हणजे दोष कॅसेटमध्येच होता. रेकॉर्ड करताना टेप हळू फिरली असेल आणि ऐकताना बरोबर वेगाने फिरत असेल, तर सगळंच वर चढून ऐकू येतं. घूं, ढोलकी, रडणारं मूल आणि अप्पा.

छप्पन्न भागिले पन्नास. गाण्याच्या हिशेबात ते बरोबर दोन पट्ट्यांचं अंतर होतं. शेवटचं गाणं पांढरी चारात नव्हतं, काळी दोनात होतं. त्रेपन्नचा हिशेब केला तर पहिलं गाणंही काळी दोनातच. अप्पा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत गात होते. टेप तेवढी हळूहळू दमत गेली होती.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, पण फोनवर खणखणीत बोलतो. मी विचारलं, टेपरेकॉर्डर कशावर चालत होता?

"सेलावर की. लाइटीला वायर पुरंना. सेलबी संपत आलतं, आणि जयंतीचं दुकान कुठलं उघडं? मग पत्र्यावर उन्हात ठिवलं दुपारभर. गरम झालं की चालत्यात थोडा येळ. का रं? बिघडली का क्यासेट?"

"न्हाय मामा. चांगली हाय."

"जपून ठिवा. मी हुतो म्हणून तेवढं तरी झालं."

ते खरंच होतं. मामा नसता तर काहीच राहिलं नसतं. कार्यक्रमातली चूक हवेत विरून जाते, दुसऱ्या दिवशी ती माझ्याशिवाय कुणाला आठवत नाही. रेकॉर्डिंगमधली चूक राहते, आणि राहिली की लोक तिला चूक म्हणत नाहीत.

बाईंनी कॅसेट दुरुस्त केली. जिथे जेवढी चढली होती तिथे तेवढी खाली आणली, म्हणजे घूं सगळीकडे पन्नासवर बसली. मग ती घूं कापून टाकली. मला ऐकवलं तेव्हा मी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मला खात्री करून घ्यायची होती आणि त्यासाठी माझे कान चालणार नव्हते.

ठरल्या दिवशी दादा स्टुडिओत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला मफलर. मी त्याला काही न सांगता हेडफोन दिला आणि बाईंना खूण केली.

तो ऐकत राहिला. पहिल्या अंतऱ्यालाच त्याने डोळे बारीक केले. मग हेडफोन एका कानावरून सरकवून माझ्याकडे रागाने बघितलं.

"हे कवा रेकॉर्ड केलतंस माझं? मला न सांगता?"

मी बाईंना थांबायची खूण केली.

"मागनं खांबाजवळनं घेतलंस व्हय? कुठल्या गावात? काळी दोनात मी कवा गायलोय स्टेजवर?"

"दादा, ते तू न्हाईस."

त्याला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं. घूं, पन्नास, छप्पन्न, मामाचे सेल. बाईंनी पडद्यावर रेघा दाखवल्या. त्याने रेघांकडे बघितलं नाही. पुन्हा हेडफोन नीट कानावर घातला आणि तिन्ही गाणी शेवटपर्यंत ऐकली. ऐकताना त्याचा उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. मूल रडलं तिथे तो थोडा हसला. दर वेळी तिथे हसतो.

हेडफोन काढून म्हणाला, "म्हंजे अप्पा काळी दोनात गायचे."

"व्हय."

"आणि चढवत न्हवते."

"न्हाय. सेल उतरत हुते."

बाई उठून पाणी आणायला म्हणून बाहेर गेल्या. दादा हळू म्हणाला, "काळी दोनात मी झोपंतनं उठून गायलो असतो रं."

हे खरं होतं. मला ते माहीत होतं, आईला माहीत असावं. बाकी कुणाला माहीत नव्हतं.

मग त्याने गायचं ठरवलं. काळी दोनात. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत तो उभा राहिला, पेटीचा सूर कानात दिला. त्याने डोळे मिटले, आणि जी मान गेली पंचवीस वर्षं स्टेजवर पुढे निघायची ती या वेळी जागेवर राहिली. खांदे सैल होते. उभा राहिला तो अगदी बरोबर राहिला. आवाज आला नाही. म्हणजे आवाज आला, पण त्यात सूर नव्हता, नुसता वारा होता. मधे एखादा स्वर अर्धवट लागायचा आणि फाटून जायचा. पहिली ओळ त्याने सात-आठदा घेतली. सवयीने माझा मोबाइल समोर होता. चूक असती तर आकडा आला असता. पडदा नुसता कोरा राहत होता.

मी बाईंना विचारलं, हल्ली बेसूर गाणाराही सुरात आणता येतो म्हणतात, यात काही होईल का?

त्या म्हणाल्या, "सूर खाली-वर असेल तर ओढून जागेवर आणते काका. पण इथं ओढायला काही हातातच येत नाही. अजून एक करता येईल. वडिलांच्याच गाण्यावर थोडी प्रक्रिया करून यांचं म्हणून... कुणाला कळणार नाही."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी नको म्हटलं.

दादा बाहेर आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला सांगायचं काम माझंच होतं.

"न्हाय येत दादा. कुठल्याच पट्टीत न्हाय येत."

"बरं," तो म्हणाला, आणि मफलर नीट गुंडाळू लागला.

परत येताना तो माझ्या गाडीवर मागे बसला होता. कळंब्याच्या चढाला गाडीचा वेग कमी झाला तेव्हा कानाशी तोंड आणून म्हणाला, "पोराला सांगू नगंस."

मी गाडी बाजूला घेतली. "का? त्याचाबी घसा तुझ्यासारखाच हाय. तोबी आता चारात ओढायला लागलाय. काळी दोनात आणला तर वाचंल तरी."

"सांगितलं तर तो इचारणार, पप्पा तुमचा घसा मग कशानं गेला? काय सांगू? सेलानं गेला म्हणून सांगू?"

मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्न देत होता. आम्ही निघालो.

तरीही मी पुतण्याला सांगितलं. भावाचा शब्द मोडला, पण दोष दिसत असताना खूण न करता भाग पुढे पाठवणं मला जमत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, दुरुस्त केलेलं गाणंही ऐकलं. त्याला पटलंसुद्धा. म्हणाला, "काका, तुमचं बरोबर असंल. पण यंदा मी काळी दोनात गायलो तर लोक काय म्हणतील? दादांचं पोरगं दोन पट्ट्या उतरलं. त्येंना तुमची ती घूं घूं कोण समजावणार? कोरस, पेटी, ढोलकीचा तुकडा, सगळं चढण्यावर बांधलेलं हाय. आणि मला काय हुतंय? तरणा हाय मी." मग हसून म्हणाला, "खडू ठेवा खिशात."

जयंतीचा कार्यक्रम आमच्या भागातच होता. दादा पहिल्यांदाच मागे माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसला. इतक्या वर्षांत त्याने आपलं गाणं कधी मागून ऐकलं नव्हतं. पोराने पहिलं गाणं चांगलं म्हटलं. दुसऱ्याच्या शेवटी ढोलकीचा तुकडा आला, पट्टी चढली, लोकांनी शिट्ट्या घातल्या. तिसऱ्या गाण्यात वरचा सा आला तो खाली पडला आणि त्याच्या कडेला खरखर ऐकू आली. बारीक होती, पण होती. मी दादाकडे बघितलं. त्यालाही ऐकू आली होती.

तो उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजच्या कडेला गेला. मीही मागोमाग गेलो. तिथून तो पेटीवाल्याला हाताने सांगू लागला, पट्टी उतरव. पालथा हात खाली, खाली. पेटीवाल्याचं लक्ष गायकाकडे होतं. ते बघितलं ध्वनिक्षेपकाच्या मशिनवर बसलेल्या माणसाने. जुन्या गायकाची खूण, आदराने मान हलवली आणि आवाजाचे खटके खाली ओढले. गायकासमोरच्या स्पीकरचा खटकाही. पोराला स्वतःचं गाणं ऐकू येईनासं झालं. ऐकू येत नाही तेव्हा कुठलाही गायक करतो तेच त्याने केलं, गळा आणखी ताणला. दादा दोन्ही हात हलवत होता. त्याचे ओठ हलत होते, काहीतरी जोरात सांगत होता, आणि मी त्याच्यापासून तीन फुटांवर उभा असूनही मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मी धावत जाऊन मशिनवाल्याला सांगितलं, वाढवा, समोरचा वाढवा.

"ओ पावणं, दादांनीच सांगितलं की कमी कर म्हणून," तो म्हणाला. पण वाढवला.

तोवर गाणं संपत आलं होतं. शेवटचा सा पोराने सगळी ताकद लावून घेतला. लोक उभे राहिले. टाळ्या संपेपर्यंत तो हात जोडून उभा होता. मग मागच्या पायरीने खाली उतरला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला, आणि मांडवामागे उभ्या असलेल्या आपल्या आईकडे गरम पाणी मागितलं.